धनुष्कोडी स्टेशन: पूल ४६ दिवसांत उभा राहिला, मग स्टेशन का नाही?

रूळवेडा

धनुष्कोडीबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं, ते बहुतेक वेळा 'भुताचं गाव' या दोन शब्दांपाशीच थांबतं. फोटो तेच, मजकूर तोच. तिथल्या रेल्वेबद्दल मात्र नीट काही लिहिलेलं सापडत नाही, म्हणून हा धागा.

आधी पक्की माहिती. रामेश्वरचं बेट, म्हणजे पांबन बेट, मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा रेल्वे पूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी सुरू झाला. त्याच वर्षापासून मद्रास एग्मोरहून निघालेली बोट मेल पूल ओलांडून पांबन बेटाच्या पूर्व टोकाला, धनुष्कोडीला जाऊ लागली. तिथून आगबोटीने तलैमन्नार आणि पुढे सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) गाडीने कोलंबो. त्याआधी ही वाहतूक तुतिकोरिनहून होत होती आणि समुद्रातला पल्ला बराच मोठा होता. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आलं आणि स्टेशन, धक्का, टपाल कचेरी, चर्च, वस्ती सगळं गेलं. म्हणजे स्टेशनचं आयुष्य जेमतेम ५० वर्षं १० महिने.

त्याच वादळात पांबन पुलाच्या १४५ गर्डरांपैकी (खांबांवर टेकलेल्या आडव्या तुळयांपैकी) १२६ समुद्रात गेले. तो पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. मग त्याच मार्गाचा पुढचा तुकडा कायमचा का सोडला? 'सरकारने गाव राहण्यास अयोग्य ठरवलं' हे उत्तर मला अपुरं वाटतं. तो निकाल झाला, कारण नव्हे. जाणकारांनी लिहावं.

नकाशावाली

चांगला विषय. चर्चेआधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर पुढे सगळा घोळ होईल. आज आपण रामेश्वरहून धनुष्कोडीला रस्त्याने जातो, म्हणून वाटतं की रेल्वेही रामेश्वरवरून पुढे जात असणार. तसं नव्हतं. फाटा पांबनला होता. पूल उतरला की पांबन जंक्शन, तिथून एक लाइन रामेश्वरला आणि दुसरी बेटाच्या दक्षिण अंगाने धनुष्कोडीला. रामेश्वर आणि धनुष्कोडी ही एकाच मार्गावरची दोन स्टेशनं नव्हती, दोन वेगळ्या फांद्यांची टोकं होती.

म्हणूनच वादळात सापडलेली गाडी '६५३ पांबन–धनुष्कोडी पॅसेंजर' होती. रात्री ११:५५ ला ती पांबनहून सुटली. सहा डबे, ११० प्रवासी आणि ५ रेल्वे कर्मचारी.

पांथस्थ

५० वर्षं म्हणजे अल्पायुषी कसं काय? आपल्याकडची साष्टी–ट्रॉम्बे रेल्वे बघा. तीही बेटावरचीच. ट्रॉम्बे ते कुर्ल्यावरून अंधेरी, जेमतेम १३ किलोमीटर. १९२८ ला सुरू झाली, १९३४ ला बंद. सहा वर्षं! त्या जमिनीवर पुढे विमानतळ आला. तिच्यापुढे धनुष्कोडी म्हणजे आजोबा.

रूळवेडा

@पांथस्थ, मान्य. पण साष्टीची लाइन छोटी आणि स्थानिक होती. धनुष्कोडी म्हणजे आंतरराष्ट्रीय मार्गाचं टोक. जकात, टपाल, धक्का, बोट असा सगळा बारदाना मांडलेलं स्टेशन ५० वर्षांत वाळूखाली जाणं हे रेल्वेच्या मापाने लवकरच म्हणायचं.

अनुस्वार

बोट मेल म्हटलं की कोणतं बोट, असं घरातली चिल्लीपिल्ली विचारतातच. नकाशा उघडून दाखवायचं: बेट कसं दिसतं, तर पूर्वेला रोखलेल्या तर्जनीसारखं. धनुष्कोडी त्या बोटाच्या नखावर. पुन्हा कुणी विचारत नाही.

खारवारा

मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्या मते पायात आहे. पाया म्हणजे शब्दशः पाया.

पांबन पुलाचं काय गेलं? गर्डर गेले. खांब बहुतांशी जागेवर उभे राहिले आणि जहाजांसाठी मधला उघडणारा भाग वाचला. म्हणजे हाडं शाबूत, फक्त वरचं छप्पर उडालं. खांब उभे असतील तर गर्डर चढवणं हे उचलायचं आणि बसवायचं काम उरतं. अवघड, पण मोजता येण्यासारखं. अमुक गर्डर, दिवसाला इतके, म्हणजे इतके दिवस.

धनुष्कोडीकडच्या लाइनला हाडं नव्हतीच. एका बाजूला मन्नारचं आखात, दुसऱ्या बाजूला पाल्कची सामुद्रधुनी आणि मधे वाळूची अरुंद पट्टी. त्या वाळूवर भराव, भरावावर खडी, खडीवर स्लीपर आणि रूळ. लाट एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरते तेव्हा रूळ उचलून नेते हे दिसतं, पण खरं नुकसान भरावाचं होतं. पाणी उतरताना वाळू ओढून नेतं. मागे रूळ लोंबकळत राहतात आणि खाली पोकळी. ते दुरुस्त करायचं म्हणजे नवी लाइनच टाकायची, तीही अशा जमिनीवर जी पुढच्या वादळात जागेवर राहील याची खात्री नाही.

वाफाळ

@खारवारा +१. शिवाय ती जमीन वादळाआधीपासूनच खचत होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अभ्यासानुसार १९४८–४९ मध्ये धनुष्कोडीचा मन्नार आखाताकडचा दक्षिण भाग जवळपास ५ मीटर खाली गेला आणि साधारण ७ किलोमीटर लांब, अर्धा किलोमीटर रुंद पट्टा पाण्याखाली आला. म्हणजे १९६४ ची लाट आधीच खालावलेल्या जमिनीवर आली.

वादळाची माहितीही इथे एकत्र असू द्या. १७ डिसेंबरला दक्षिण अंदमान समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, १९ ला त्याचं तीव्र चक्रीवादळ झालं, २२ ला ते सिलोनमध्ये वावुनियावरून गेलं आणि त्याच रात्री पांबनवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी २८० किलोमीटरच्या घरात असल्याचा अंदाज आहे आणि लाटा ७ मीटरच्या. भारत आणि सिलोन मिळून मृतांचा आकडा १८०० च्या आसपास दिला जातो.

टिपणवही

गाडीबद्दल एक खटकणारी गोष्ट. जवळजवळ प्रत्येक लेखात असतं की सिग्नल पडला नाही, ड्रायव्हर थांबला, वाट पाहिली, लांब शिट्टी दिली आणि धोका पत्करून गाडी पुढे काढली. गाडीतले सर्व ११५ जण गेले. मग ड्रायव्हरने काय ठरवलं आणि शिट्टी किती लांब दिली हे कोणी सांगितलं? सिग्नल बंद पडणं समजू शकतं, तारा तुटल्या होत्या. त्यापुढचं मात्र नंतर कुणीतरी भरलेलं दिसतं. गाडी धनुष्कोडीच्या अगदी जवळ, काहीशे यार्डांवर असताना लाटेखाली सापडली, एवढंच धरून चालावं. मेलेल्या माणसाच्या माथी निर्णय मारू नये.

मीटरगेज

@टिपणवही, अगदी बरोबर. त्यात हेही धरा की संपर्क पूर्ण तुटला होता. धनुष्कोडीकडून काही कळण्याचा मार्गच नव्हता. रेल्वे मुख्यालयाचं पत्रक निघालं ते जवळपास दोन दिवसांनी, मंडपमच्या (पुलाच्या मुख्य भूमीकडच्या गावाच्या) सागरी अधीक्षकांच्या माहितीवरून. आणि ११० हा आकडा प्रवाशांच्या हिशोबाचा. विनातिकीट बसलेले त्यात नाहीत, म्हणून काही जण मृतांची संख्या जास्त धरतात.

सागरगोटा

एक बाळबोध प्रश्न. डबे थेट बोटीवर चढवून पलीकडे का नेत नव्हते? युरोपात तशा बोटी होत्या ना?

मीटरगेज

@सागरगोटा, प्रश्न बाळबोध मुळीच नाही. या मार्गाची खरी अडचण तीच होती.

साउथ इंडियन रेल्वेची ही लाइन मीटर गेज, दोन रुळांमधलं अंतर १००० मिलिमीटर. सिलोन सरकारच्या रेल्वेचं मुख्य माप १६७६ मिलिमीटर, म्हणजे आपण ज्याला ब्रॉड गेज म्हणतो ते. इकडचा डबा तिकडे उतरवला तरी त्याची चाकं रुळांच्या आत पडणार. बोगी, म्हणजे डब्याखालचे चाकांचे सांगाडे, बदलायचे तर दोन्ही धक्क्यांवर डबे उचलणारी यंत्रणा हवी, आणि रात्रंदिवस वाळू उडणाऱ्या ठिकाणी ती चालवायची. शिवाय बोटीवर डबे चढवायला पाण्याची पातळी आणि रूळ यांचा मेळ घालणारा झुलता पूल लागतो, आणि आत शिरणारी लाट असली की तोही हलतो.

म्हणून इथे सगळी उतराउतर होती. गाडी धक्क्यापर्यंत जायची, माणसं आणि टपालाच्या पिशव्या उतरून बोटीवर, तलैमन्नारला पुन्हा उतरून दुसऱ्या गाडीत. समुद्रातलं अंतर सुमारे २२ मैल. बोटींमध्ये 'आयर्विन' आणि 'गोशेन' ही नावं ठळक. एक व्हॉइसरॉयचं, दुसरं मद्रासच्या गव्हर्नरचं.

मालासाठी ही उतराउतर फार महाग पडते. एक पोतं मद्रासहून कोलंबोला जाताना धक्क्यांवरच चारदा हाताळलं जातं: वाघिणीतून धक्क्यावर, धक्क्यावरून बोटीत, बोटीतून धक्क्यावर, धक्क्यावरून वाघिणीत. दर वेळी मजुरी, फूट आणि भिजण्याचा धोका.

नकाशावाली

यात अजून एक गंमत आहे. तलैमन्नारसुद्धा बेटावरच आहे, मन्नार बेटावर. म्हणजे एका बेटाच्या टोकावरून दुसऱ्या बेटाच्या टोकावर, आणि मधे सेतूची उथळ वाळू. रामसेतूच्या पट्ट्यात पाणी इतकं उथळ की मोठं जहाज ओलांडू शकत नाही. बोटीला त्या पट्ट्याच्या कडेकडेने जावं लागतं. म्हणजे ज्या उथळपणामुळे दोन किनारे इतके जवळ वाटतात, तोच जहाजाच्या आड येतो.

अनुस्वार

मूळ प्रश्न स्टेशनचा, आणि आपण गेज, सेतू, बोटी करत निघालो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! त्यातही रामेश्वर आलंच म्हणा.

वाफाळ

हाहा, म्हण अगदी जागेवर बसली. तरी बंब थोडा अजून चालू ठेवतो, कारण पाण्याचा मुद्दा कुणी घेतलेला नाही आणि वाफेच्या इंजिनाला कोळशाआधी पाणी लागतं.

धनुष्कोडीला आज जे अवशेष दिसतात त्यात स्टेशनच्या पाण्याच्या टाकीचे उभे खांब ठळक आहेत. गाईड लोक 'हे स्टेशन' म्हणून तेच दाखवतात. आता दोन्ही बाजूंना समुद्र असताना गोडं पाणी येतं कुठून? वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं, कारण ते हलकं असतं. हिशोब असा की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी उभं असेल, तर खाली साधारण ४० फूट गोड्या पाण्याचा थर असतो. कोळी बायका आजही तिथे वाळूत हाताने खळगा करून पाणी काढतात. तळाला वाटीभर पाणी साठतं, ते करवंटीने अलगद हंड्यात. पुन्हा साठेपर्यंत थांबायचं. समुद्र काही पावलांवर आणि पाणी गोडं.

पण ते अलगदच काढावं लागतं. पंप लावून ओढलं तर खालचं खारं पाणी वर चढतं, आणि एकदा चढलं की लवकर उतरत नाही. म्हणून इंजिनासाठी एकच मोठी विहीर असून चालत नाही. उथळ ठिकाणांहून हळूहळू काढायचं आणि उंचावरच्या टाकीत साठवायचं. खारं पाणी बॉयलरमध्ये गेलं तर दोन गोष्टी होतात. एक, नळ्यांवर क्षाराचा थर बसतो आणि कोळसा जास्त लागतो. दुसरी जास्त वाईट: पाण्याला फेस येतो आणि वाफेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टनचा दणका सिलिंडरच्या झाकणावर बसतो आणि झाकण फुटूही शकतं.

खारवारा

फार छान, @वाफाळ. त्याला जोडून वाळू आणि खाऱ्या हवेबद्दल. समुद्रकाठच्या वालुकामय लाइनची देखभाल म्हणजे कायमची लढाई असते.

उडालेली वाळू खडीच्या फटींमध्ये भरते. खडीचं काम असतं गाडीचा भार लवचीकपणे पसरवणं आणि पाणी खाली सोडणं. फटी भरल्या की ती घट्ट होते, रूळ उसळतो, जोडाजवळ दणके बसतात आणि फिशप्लेटचे (दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांचे) बोल्ट सैल पडतात. उपाय एकच, खडी उकरून चाळायची आणि परत भरायची. वारा सुटला की आठवडाभरात पुन्हा तेच. रुळाच्या माथ्यावर वाळूचा ढीग आला तर चाकाचा कंगोरा वर चढून गाडी घसरण्याची भीती, म्हणून गाडीआधी फावडी घेऊन माणसं पाठवावी लागतात.

गंज सर्वांत आधी रुळाच्या पायाला धरतो, माथ्याला नाही. माथा चाकांनी घासून चकचकीत राहतो, म्हणून वरून पाहणाऱ्याला रूळ ठणठणीत वाटतो. पायाखाली, जिथे खारट ओल अडकून राहते, तिथे लोखंड पापुद्र्यापापुद्र्याने सुटत असतं. तपासायचं तर रूळ उचलूनच.

पांथस्थ

पुलाचं काम ४६ दिवसांत कसं झालं, ते कुणी लिहील का? ई. श्रीधरन यांचं नाव आपल्याकडे कोकण रेल्वेमुळे घरोघरी आहे, पण पांबनच्या दुरुस्तीचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा ते फक्त ३२ वर्षांचे होते.

टिपणवही

रेल्वेने मुदत धरली होती सहा महिन्यांची. महाव्यवस्थापकांनी ती तीन महिन्यांवर आणली. श्रीधरन यांनी काम ४६ दिवसांत संपवलं. रेल्वेमंत्री तेव्हा आपले स. का. पाटील होते.

पहिला विचार होता देशभरातून गर्डर गोळा करून आणायचे. तोडायचे, वाहायचे, जुळवायचे, त्यात महिने गेले असते. मग मच्छीमारांकडून कळलं की वाहून गेलेले गर्डर समुद्रतळाशी पडलेले आहेत. तेच वर काढून वापरायचे ठरलं. काम वेळेआधी झालं याचं श्रेय या निर्णयाला.

खारवारा

यातली मेख सांगतो. हे गर्डर ४० फुटी, सगळे एका मापाचे. म्हणजे कुठला गर्डर कुठल्या गाळ्याचा (दोन खांबांमधल्या जागेचा) हे शोधत बसायची गरज नाही. सापडेल तो, बसेल तिथे. गाळे वेगवेगळ्या लांबीचे असते तर हे काम इतक्या लवकर होणं शक्यच नव्हतं.

समुद्रातून काढलेला गर्डर लगेच चढवत नाहीत. आधी गोड्या पाण्याने धुवायचा. मग दोन टोकांना दोरी ताणून वाक बघायचा. उभा पत्रा कुठे पोटासारखा फुगला आहे का, खालची पट्टी पिळली आहे का हे पाहायचं. रिव्हेटच्या डोक्यांवर हातोडी मारायची: घट्ट असेल तर खणखणीत आवाज, सैल असेल तर बद्द. शेवटी ज्या बेअरिंगवर गर्डर टेकतो तो भाग, कारण वाहून जाताना पहिला फटका तिथेच बसतो. थोडा वाक असेल तर तापवून सरळ करता येतो. पिळलेला मात्र बाजूला ठेवायचा.

सागरगोटा

आणि मधला उघडणारा भाग?

मीटरगेज

तो शेर्झर पद्धतीचा. दोन पाती, दोन्ही बाजूंना एकेक. डोलणारी खुर्ची मागे झुकते तसं प्रत्येक पातं आपल्या वक्र बुडावर मागे लोळतं आणि टोक वर जातं. मागच्या बाजूला वजन तोलून धरलेलं असल्यामुळे ते हातांनी फिरवता येत असे. माणसं दांडे धरून गोल चालायची आणि पातं इंचाइंचाने उठायचं. २००७ मध्ये मार्ग ब्रॉड गेज झाला तेव्हाही हाच भाग ठेवला. डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या पुलावरची वाहतूक थांबली.

नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला. त्यात ७२.५ मीटरचा मधला गाळा सबंधच्या सबंध १७ मीटर वर उचलला जातो, लिफ्टसारखा. जुन्या पुलावर वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरपुढे गेला की सिग्नल आपोआप लाल होत असे. कोकण रेल्वेवर रत्नागिरी–निवसर दरम्यानच्या पानवळ पुलावर, तसंच मांडवी आणि जुवारीच्या पुलांवर वारामापक आहेत, तेही याच कारणासाठी.

नकाशावाली

आता मूळ प्रश्नाकडे येते. @खारवारा यांचा पायाचा मुद्दा पटतो, पण माझ्या मते तो निम्मा आहे. तांत्रिक अडचण असूनही माणसं लाइन बांधतात, जर तिच्यावर पोट अवलंबून असेल. धनुष्कोडीची गरजच आधी आटलेली होती.

हा मार्ग कोणासाठी होता? साहेब लोकांची मेल हा दर्शनी भाग. मोठी वर्दळ होती सिलोनच्या चहा आणि रबराच्या मळ्यांवर जाणाऱ्या तमिळ मजुरांची. मंडपम कॅम्प त्यासाठीच होता. तिथे त्यांना तपासणीसाठी थांबवून ठेवत आणि मग पुढे पाठवत. १९३९ मध्ये भारत सरकारने सिलोनला अकुशल मजूर पाठवायला बंदी घातली. १९४८ मध्ये सिलोनच्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांवरच्या बहुसंख्य तमिळांना नागरिकत्वाबाहेर ठेवलं. जी ये-जा घरच्यासारखी होती तिला कागदपत्रांचं कुंपण आलं.

आणि तारखा बघा. शास्त्री–सिरिमावो करार ३० ऑक्टोबर १९६४ चा. त्यात सिलोनमधल्या भारतीय वंशाच्या ५,२५,००० लोकांना भारतात परत घेण्याचं ठरलं. वादळ त्यानंतर जवळपास आठ आठवड्यांनी. म्हणजे १९६४ च्या अखेरीस या मार्गाला जे काम उरलं होतं ते माणसं नेण्याचं नव्हे, परत आणण्याचं. त्यासाठी रामेश्वरचा धक्का पुरेसा होता. पुढे 'रामानुजम' ही बोट रामेश्वर–तलैमन्नार चालली आणि परतलेली कुटुंबं तिनेच आली. १९८० च्या दशकात श्रीलंकेतल्या युद्धामुळे तीही थांबली.

रूळवेडा

@नकाशावाली, हा मुद्दा माझ्या मनातच आला नव्हता. पण मग पूल तरी इतक्या तातडीने का बांधला? सिलोनची वर्दळ आटली असेल तर पुलालाही तेच लागू पडायला हवं.

नकाशावाली

नाही, कारण पुलापलीकडे रामेश्वर आहे. अख्ख्या बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा तो एकच दुवा होता. रस्त्याचा पूल झाला थेट २ ऑक्टोबर १९८८ ला. तोपर्यंत बेटावरचं धान्य, औषध, यात्रेकरू सगळं रेल्वेनेच. पूल नसता तर बेट उपाशी राहिलं असतं. धनुष्कोडीची लाइन नसल्यामुळे मात्र ज्यांचं अडलं असतं, ते धनुष्कोडीकर एकतर गेले होते किंवा बेटावर दुसरीकडे हलवले गेले होते.

टिपणवही

यात्रेचा मुद्दा निघालाच आहे तर, काशी–रामेश्वर यात्रेत सेतूची वाळू घ्यायची, ती प्रयागला गंगेत सोडायची आणि गंगेचं पाणी आणून रामेश्वराला घालायचं, हा क्रम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. ती वाळू घ्यायला आणि सागरस्नानाला जुने लोक धनुष्कोडीलाच जायचे. ५० वर्षं त्यांना रेल्वेचं तिकीट काढून सेतूपर्यंत जाता येत होतं. मराठी माणसाचं या स्टेशनाशी नातं आहे ते असं.

एक दुरुस्तीही करून घेऊ. विवेकानंद १८९७ मध्ये सिलोनहून परतले ते धनुष्कोडीला उतरले, असं सर्रास लिहितात. ते पांबनला उतरले. धनुष्कोडीला बोट लागायला आणखी १७ वर्षं होती.

पांथस्थ

सध्या कुणाला जायचं असेल तर काय बघावं? तिथे अवशेष जपण्यासाठी काही करता येतं का?

वाफाळ

रामेश्वरहून रस्त्याने साधारण २० किलोमीटर. २०१७ पासून पक्का रस्ता थेट अरिचलमुनैच्या टोकापर्यंत आहे. अंधार पडायच्या आत परत फिरावं लागतं, म्हणून सकाळीच निघा. बहुतेक गाड्या टोकाला जाऊन परततात आणि जुन्या गावापाशी पाच मिनिटं थांबतात. उलटं करा. आधी चर्च, टपाल कचेरीच्या भिंती, मग टाकीचे खांब. खांबांपाशी उभं राहून दोन्ही बाजूंना पाहिलं की पट्टी किती अरुंद आहे ते कळतं.

जपणुकीचं म्हणाल तर भिंती पोवळ्याच्या दगडाच्या आणि चुन्याच्या आहेत. खारं दमट वारं दगडाच्या छिद्रांत शिरतं, ऊन पडलं की आतलं मीठ स्फटिक होऊन फुगतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. रोज थोडा. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा देणं ही सर्वांत मोठी चूक. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, मीठ आत कोंडतं आणि आतला दगड पिठासारखा होतो. चुन्याचाच हात हवा, आणि भिंतींवर चढणं बंद हवं. फोटोसाठी लोक खिडकीच्या कमानीवर उभे राहतात. कृपा करून ते टाळा.

मीटरगेज

२०१९ मध्ये रामेश्वर–धनुष्कोडी नव्या ब्रॉड गेज लाइनची पायाभरणी झाली होती. काम पुढे सरकलं नाही. मला लाइन हवी आहे, हे उघड सांगतो. पण या धाग्यात जे वाचलं त्यानंतर ती जुन्या धर्तीवर वाळूच्या भरावावर टाकू नये असंच म्हणेन. करायचीच तर खांबांवर. खर्च वाढेल, पण मग लाट खालून निघून जाईल.

खारवारा

@मीटरगेज, सहमत. आणि मग पांबनसारखंच होईल: गर्डर गेले तरी खांब राहतील.

रूळवेडा

धाग्याचं उत्तर मला मिळालं. पुलाला खांब होते आणि पलीकडे माणसं होती. लाइनला दोन्ही उरलं नव्हतं.

एक शेवटचं विचारतो, तलैमन्नारच्या स्टेशनचं पुढे काय झालं?

नकाशावाली

युद्धात १९९० मध्ये बंद पडलं. लाइन भारताच्या इरकॉन या सरकारी कंपनीने पुन्हा बांधली आणि १४ मार्च २०१५ ला तलैमन्नारपर्यंत गाडी पुन्हा सुरू झाली. स्टेशनचं नाव आजही 'तलैमन्नार पियर' असंच आहे. पियर म्हणजे धक्का, आणि बोट पकडायला तिथे उतरणारं आता कुणी नाही.